‘कायदेशीर पोकर’ या शब्दप्रयोगाविषयी

पृच्छा : ऑनलाइन पोकरविषयीच्या मजकुरात ‘कायदेशीर करणे’, ‘परवानगी देणे’ आणि ‘नियमन करणे’ हे शब्दप्रयोग सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत अर्थभेद मानावा का? शिवाय पोकरला ‘जुगार’ म्हणावे की ‘कौशल्याचा खेळ’? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : अर्थभेद मानावाच लागेल, कारण या धंद्याचे राजकारण बरेचसे त्या भेदावर उभे आहे. एखादी गोष्ट ‘कायदेशीर’ आहे असे आपण तीन निरनिराळ्या परिस्थितींत म्हणतो. तिच्यावर बंदी घालणारा कायदाच नसतो, किंवा बंदीचा कायदा असून त्यातून ती वगळलेली असते, किंवा तिच्यासाठी मुद्दाम कायदा करून परवाना, कर आणि देखरेख यांची व्यवस्था लावलेली असते.

भारतातल्या पोकर कंपन्या अनेक वर्षे स्वतःला कायदेशीर म्हणवत होत्या, ते मुख्यतः दुसऱ्या अर्थाने. १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा आणि आपल्याकडचा १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा या दोहोंनी निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरीव प्रमाणात कौशल्य लागणाऱ्या स्पर्धांना जुगारापासून वेगळे काढले आणि १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पोकर रमीचे बोट धरून याच दाराने आत येऊ पाहत होता. नागालँडच्या कायद्याने त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घेतले, तर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगारच म्हटले. ‘पूर्णपणे कायदेशीर’ अशी जाहिरात वाचणारा सामान्य माणूस मात्र तिसरा अर्थ घेई, म्हणजे कोणीतरी सरकारी अधिकाऱ्याने या खेळाची यंत्रणा तपासली आहे आणि खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात सुरक्षित आहेत असे समजे. ही शब्दांची सरमिसळ मला निरुपद्रवी वाटत नाही.

तिसरा अर्थ पाहायचा तर अमेरिकेकडे पाहावे. तिथे २००६च्या कायद्याने ऑनलाइन जुगारासाठी होणाऱ्या पैशांच्या देवघेवीवर घाव घातला आणि १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांविरुद्धचे आरोपपत्र खुले झाले. त्यानंतर २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेर आणि न्यू जर्सी या राज्यांत परवाना घेऊन चालवलेला ऑनलाइन पोकर सुरू झाला. सीझर्ससारखे कॅसिनोवाले याच्या बाजूने होते, तर कॅसिनोमालकच असलेले शेल्डन अ‍ॅडेलसन कडाडून विरोधात होते. कॅलिफोर्नियात परवाना कोणाला मिळावा यावरच आदिवासी जमातींचे कॅसिनो, पत्त्यांचे क्लब आणि घोड्यांच्या शर्यतींचे चालक यांचे जमले नाही आणि विधेयके वर्षानुवर्षे रखडली. अशा ठिकाणी ‘नियमन’ किंवा ‘परवानाधारक पोकर’ असेच लिहावे. ‘परवानगी’ हा शब्द फार मोघम आहे.

प्रतिप्रश्न : जुगार आणि कौशल्य यांविषयीचा भाग राहिला. शिवाय पोकरमध्ये चालक स्वतः खेळत नाही, मग त्याच्या मिळकतीला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाला आपल्या भाषेत तयार उत्तर आहे. जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून जो हिस्सा काढून घेतो त्याला ‘नाल’ म्हणतात आणि पोकरमधले ‘रेक’ म्हणजे हीच नाल. समजा, डावात १,००० रुपये जमले आणि रेक ५ टक्के असला, तर जिंकणाऱ्याच्या हाती ९५० पडतात आणि ५० चालकाकडे जातात, मग जिंकणारा कसलेला असो की नवखा. खेळाडूंचे कौशल्य कमी-जास्त झाल्याने चालकाच्या टक्क्यात काही फरक पडत नाही, त्याला डावांची संख्या वाढायला हवी असते. कराचा वादही इथलाच होता. आधी कंपन्या या हिश्श्यावर १८ टक्के जीएसटी भरत, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला. ‘सेवाशुल्क’ म्हटल्याने हा व्यवहार दिसेनासा होतो, म्हणून मी ‘नाल’ पसंत करीन.

आता जुगार. मराठीत या शब्दाची कसोटी नशीब ही कधीच नव्हती. तेच पत्ते, तीच माणसे, पण मधे पैसे नसतील तर आपण ‘पत्ते खेळतात’ म्हणतो आणि पैसे लावले की ‘जुगार खेळतात’. द्यूताची परंपराही हेच सांगते. शकुनी फाशांत निष्णात होता, नलराजा ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकला, म्हणजे कौशल्य उघडपणे मान्य होते, तरी त्यामुळे द्यूताचे द्यूतपण गेले नाही, कारण काहीतरी पणाला लागलेले होते. नशीब की कौशल्य ही फोड कायद्यातून आली आणि कोर्टाच्या भाषेपुरती ती उपयुक्तही ठरली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने ती फोडच बाजूला सारली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने तो ऑनलाइन खेळवणे निषिद्ध ठरले आणि खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. सरसकट बंदीने खेळणारे परदेशी संकेतस्थळांकडे वळतील ही भीती मला रास्त वाटते आणि देखरेखीची व्यवस्था अधिक बरी झाली असती असे माझे मत आहे. पण ती मागणी करणाऱ्यांनीही ‘जुगाराचे नियमन’ असे स्पष्ट लिहावे, ‘कौशल्याच्या खेळाला मान्यता’ असे नव्हे.