खंबीर मन आणि बारा तासांची गोळी

किडनी प्रत्यारोपणाच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'मन खंबीर असेल तर बदललेली किडनी टिकते.' मला अर्धंच पटलं. मनाचा परिणाम होतो, पण तो बऱ्याचदा गोळ्यांच्या डबीतून होतो. खचलेला माणूस आधी औषधाच्या वेळा सोडतो. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, बहुतेकांना दर 12 तासांनी असतं. डोस चुकत गेले की शरीर त्या किडनीवर उलटतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की वाढतं ते) वाढेपर्यंत बाहेरून पत्ताही लागत नाही.

आमच्या कोथरूडच्या मामांचं ऑपरेशन झकास झालं, घरचे निर्धास्त. मग मामा चिडचिडे झाले, रात्र रात्र जागे. मामी म्हणायची, "अहो, नवा जन्म मिळालाय, आता कसली कुरकुर?" प्रत्यारोपणानंतर देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनेही झोप उडते, मूड बिघडतो, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यात किडनी मामीचीच, म्हणजे उपकाराचं ओझं वेगळं. (दात्यालाही कसं वाटतंय ते विचारा हो, त्याला सगळे विसरतात.)

मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा. फक्त नैराश्याची गोळी नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय सुरू करू नका; काही गोळ्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. पपनस, ग्रेपफ्रूटही त्याच कारणाने बंदच. आणि टॅक्रोलिमसची ही लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग सकाळची गोळी. मामी ती डबी पर्समध्ये घालून लॅबमध्ये नेते, रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून मामांच्या हातात ठेवते.