मदत हवी आहे: ‘घोस्ट करणे’ म्हणजे अबोला का?

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. आठवडाभर एक शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारते.

माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्नानंतर बडोद्याला गेली, तरी सकाळचा निरोप कधी चुकला नव्हता. दिवाळीनंतर तिची उत्तरं बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा फोटो पाठवला. दोन्ही टिक निळ्या झाल्या, उत्तर नाही. लेक म्हणाली, “आई, तिने तुला घोस्ट केलंय.” भाचा म्हणतो, “नाही गं मावशी, नुसतं सीनवर सोडलंय.”

या दोन्हींत फरक काय? आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘भाव देत नाही’ सर्रास म्हणतात, पण त्यात तोरा आला. अबोला म्हणावं, तर अबोला धरणारं माणूस घरातच असतं. आजीने धरला की “त्यांना सांग, पान वाढलंय” हा निरोप माझ्यामार्फत जायचा, आणि कारण घरभर ठाऊक असायचं. कट्टीसुद्धा तोंडावर सांगून होते. इथे कुणी काही सांगितलंच नाही. याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद: ताई, भाच्याचं बरोबर वाटतं. सीनवर सोडणं म्हणजे निरोप वाचून उत्तर न देणं. ते एका निरोपापुरतंही असू शकतं. व्हॉट्सॲपवर निळ्या टिक नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. त्याआधी ‘पाहिलाच नसेल’ अशी मनाची समजूत घालता यायची. घोस्ट करणं म्हणजे कारण न सांगता सगळाच संपर्क तोडणं, भुतासारखं नाहीसं होणं. प्रेमप्रकरणांच्या संदर्भात तो शब्द रुळला आणि २०१७ मध्ये मेरियम-वेबस्टर कोशात गेला. प्रकार मात्र जुनाच. १९८० च्या दशकात यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चामंचावर, नको त्या माणसाचं नाव ‘किलफाइल’मध्ये टाकत, म्हणजे त्याचं लिखाण दिसतच नसे. वर त्याला ‘प्लॉन्क’ असं लिहून कळवत: तो त्या यादीच्या तळाशी आदळल्याचा आवाज! म्हणजे निदान सांगून तरी टाकत. मराठीत मी ‘परस्पर नाहीसं होणं’ म्हणेन. ‘वाळीत टाकणं’ नको, तिथे अख्खा समाज लागतो.

आणि निळी टिक म्हणजे निरोप उघडला गेला, एवढंच. कुणी उघडला, कोणत्या मनःस्थितीत, ते टिक सांगत नाही. फोन केलात का?

धागाकर्ती: नाही केला. उचलला नाही तर, याची भीती वाटते. पण तुमचं वाचून आठवलं, दिवाळीत ती म्हणाली होती की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मी फक्त वड्या पाठवल्या, त्यांची साधी चौकशीसुद्धा केली नाही. आज दुपारी फोन लावते. तिचं जेवण दीडला उरकतं.