मदत हवी आहे: व्यसनमुक्ती केंद्रात कॉम्प्युटर शिकवतेय, पण बॅच टिकतच नाही

टायपिंगवाली

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. वडिलांच्या वेळी रेमिंग्टनची खटखट होती, आता कॉम्प्युटर आहेत आणि परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३०-४० शब्दांच्या टायपिंग परीक्षांना मी मुलं बसवते. गेल्या जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एका व्यसनमुक्ती केंद्रात तासभर कॉम्प्युटर शिकवायला जाते. कुणी बोलावलं नव्हतं, मीच विचारलं. (त्यामागे घरातलं एक प्रकरण आहे, ते इथे नको.)

कुणीतरी दिलेले सहा जुने डेस्कटॉप आहेत, पाच चालतात. लिब्रे ऑफिस आहे. इंटरनेट नाही आणि पेशंटकडे मोबाइलही नसतो, केंद्राचा नियम.

मी सवयीप्रमाणे ३० दिवसांचा अभ्यासक्रम आखला: माउस, मग फाइल-फोल्डर, मग टायपिंग, मग शीट (रकान्यांत हिशोब मांडायचं). दर आठवड्याला दोघं-तिघं घरी जातात आणि तेवढेच नवे येऊन बसतात. फोल्डर ज्यांना शिकवलं ते गेलेले असतात, नव्यांना माउस ठाऊक नसतो. सहा महिन्यांत पाचव्या धड्यापुढे एकदाही गेले नाही. माउस मात्र वीसेक वेळा शिकवून झाला.

दोन प्रसंग सांगते, म्हणजे अंदाज येईल.

पन्नाशीतले एक गृहस्थ, ट्रकवर ड्रायव्हर होते. दारू. डबल क्लिक जमेना. दोन क्लिकच्या मध्ये बोट थरथरतं, माउस सरकतो आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी बाजूला जाऊन बसतो. "ताई, हे पळतंय," म्हणाले. मग डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि पुन्हा केलं. पुन्हा पळालं. घाटात गाडी चालवलेला माणूस, चेहरा बघवेना.

दुसरा तिशीतला, हुशार. त्याला क्रम सोडून शीट दाखवताना म्हटलं, घरखर्च मांडा. त्याने दारूचा मांडला. रोजचे १८०, गुणिले ३६५, गुणिले १४ वर्षं. रकाना त्यानेच ओढून बारीक केला होता, म्हणून आधी नुसतं ### दिसलं. "जाळी का लागली?" मी रकाना रुंद करून दिला. ९,१९,८०० आलं. तो तास संपेपर्यंत बोलला नाही. शुक्रवारी क्लासलाच आला नाही.

तर प्रश्न: एका तासात पुरं होईल, पुढच्या तासावर काही अवलंबून राहणार नाही, असं काय शिकवावं? आणि त्या शीटचं माझं चुकलं का?

गावकुसातला

एमएससीआयटी करून घ्या त्यांच्याकडून. सर्टिफिकेट मिळतं, सरकारी नोकरीला लागतं.

टायपिंगवाली

दादा, त्याला नाव नोंदवून काही महिने एका जागी बसावं लागतं. इथला माणूस पुढच्या महिन्यात कुठे असेल ते त्यालाही माहीत नसतं. शिवाय निम्मे लोक गवंडी, वेल्डर, रिक्षावाले. सरकारी नोकरी त्यांच्या स्वप्नातही नाही.

निळी_छत्री

मी समुपदेशक आहे, अकरा वर्षं याच कामात. आधी थरथरीचं. दारू सुटल्यावर विड्रॉवल, म्हणजे ती न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास, काही तासांत सुरू होतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड, आणि त्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी झापड येते. नवा माणूस आठ-दहा दिवस क्लासमध्ये घेऊच नका. केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून यादी ठरवा. त्यानंतरही लक्ष आणि स्मरण पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात. मंगळवारचं शुक्रवारी विसरतात तो आळस नाही.

डबल क्लिकसाठी माउसच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग अगदी कमी करा. नाहीतर एक क्लिक आणि एंटर, विषय संपला.

शीटबद्दल स्पष्ट सांगते, राग मानू नका. तो हिशोब आम्हीही करून घेतो, पण ग्रुपमध्ये किंवा समोर बसून, आणि आकडा आल्यावर माणसाला एकटं सोडत नाही. त्याच संध्याकाळी समुपदेशकाला कळवायला हवं होतं. अपराधीपणा आला की डोक्यात पहिलं उत्तर दारूच येतं.

शेवंतीचा_वाफा

असहमत. माझ्या वडिलांनी वहीवर असाच हिशोब केला होता, तो कागद त्यांच्या पाकिटात शेवटपर्यंत होता. बावीस वर्षं प्यायले नाहीत. प्रत्येकाचं वेगळं असतं.

निळी_छत्री

वेगळं असतं हेच म्हणतेय. म्हणून आकडा येताना शेजारी कुणीतरी हवं.

आजचा_दिवस

मी पेशंट. गर्दवाला, म्हणजे ब्राउन शुगर. सहा वर्षं क्लीन. ताई, तुमच्यासारख्या एका सरांनी मला असंच शिकवलं होतं, म्हणून लिहितोय.

बॅच टिकत नाही ही तुमची अडचण आहे, आमची नाही. केंद्रात सगळंच असं चालतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं, तिथे आज काम करणाऱ्यांत कितीतरी जण एकेकाळचे पेशंट आहेत. जुना नव्याला सांभाळतो. तुम्ही माउस कशाला शिकवताय? चौथ्या आठवड्यातल्याला पहिल्यांदा बसणाऱ्याशेजारी बसवा. मला ज्या दिवशी "याला दाखव" म्हणाले, त्या दिवशी कित्येक वर्षांनी कुणीतरी माझ्यावर काही सोपवलं होतं. आधी घरचे मला दूध आणायलाही पैसे देत नव्हते (बरोबरच होतं त्यांचं).

दुसरं, खोटे सराव देऊ नका. "रमेशला ५ आंबे" छाप शीट बघून झोप येते. केंद्राच्या किचनची यादी, कांदे किती आले, किती उरले, ते द्या.

आणि इंटरनेट नाही ते बरंय. माझ्या जुन्या कॉन्टॅक्टमधले अर्धे नंबर माल देणाऱ्यांचे होते. आमच्यातल्या दोघांची दारू सुटली आणि ऑनलाइन रमी लागली.

जास्वंद७

अवांतराबद्दल माफी. माझ्या भाच्याला गोळ्यांचं व्यसन आहे, घरचे लपवतात. कुठे विचारू?

निळी_छत्री

@जास्वंद७, १४४४६ ही केंद्र सरकारची टोल फ्री हेल्पलाइन आहे, नातेवाईकही फोन करू शकतात. सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

टायपिंगवाली

धागा वर काढतेय, महिना झाला.

अभ्यासक्रम फाडला. आता नियम एकच: तास संपताना हातात छापलेला कागद हवा. ऑफिसमधला प्रिंटर तेवढ्यापुरता मिळतो. कधी किचनची यादी, कधी पलंगावर लावायची नावाची पट्टी, बहुतेक वेळा घरी पत्र.

पत्राची गंमत सांगते. मराठीला मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावलंय. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि 'पत्र' हा अख्खा शब्द मधल्या ओळीवरच होतो: प, त, हलन्त, र. बोट वरखाली न्यायला नको. चित्र, कुत्रे, करते, पुरते, सगळे त्याच ओळीवरचे. पंधरा मिनिटांत माणसाचा पहिला शब्द पडद्यावर येतो. इन्स्टिट्यूटमधल्या मुलांना मी आठवडाभर नुसती अक्षरं घोटायला लावते, तिथेही आता बदलावं म्हणतेय.

ड्रायव्हरकाकांची थरथर बरीच उतरलीय. सध्या माउसचे मास्तर तेच. नव्याला म्हणतात, "क्लच दाबल्यासारखं दाब, मग एंटर." मला हे वीस वेळा शिकवून सुचलं नव्हतं.

शीटवाल्याबद्दल, निळी_छत्रीने इथे लिहिलं त्याच दिवशी, केंद्राच्या समुपदेशकांना सांगितलं. त्यांनाही आधी कळलं नव्हतं. त्याच्याशी ते बोलले, पुढचं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परवा क्लासला आला होता. किचनची यादी केली, शेंगदाण्याचं वजन चुकीचं होतं ते त्यानेच पकडलं.

आता नवा प्रश्न. घरी जाण्याआधी प्रत्येकाला ईमेल काढून द्यावा असं मनात आहे, कामाच्या अर्जाला लागतो. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर परवानगीही मिळाली. पण ओटीपीसाठी मोबाइल कुठून आणायचा? केंद्राचा नंबर वापरला, तीन-चार जणांनंतर "हा नंबर फार वेळा वापरला गेला आहे" असा संदेश यायला लागला. एकाच्या बायकोचा नंबर टाकणार होतो, तर तो नको म्हणाला.

आजचा_दिवस

नको म्हणाला ते बरं झालं. उद्या भांडण झालं की पासवर्ड अडकतो. केंद्रात काढूच नका. डिस्चार्जच्या दिवशी मोबाइल परत देतात ना? त्या दिवशी अर्धा तास मागून घ्या, त्याच्याच नंबरवर काढा, नंबर जमलं तर नवा. आणि पासवर्ड कागदावर लिहून द्या, आमच्या स्मरणाचं वर आलंच आहे.

बायोडेटातल्या रिकाम्या वर्षांचंही बघा. मी "प्रकृतीच्या कारणाने" एवढंच लिहिलं होतं. इंटरव्ह्यूत विचारलं तर काय बोलायचं हे सरांनी चार वेळा म्हणून घेतलं होतं, ते टायपिंगपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

टायपिंगवाली

डिस्चार्ज रविवारी असतात, त्या दिवशी मी जात नाही. या रविवारी जाऊन बघते. दोघं जाणार आहेत, त्यातले एक ड्रायव्हरकाका. माउसला आता नवा मास्तर शोधायला लागेल.