मदत हवी आहे: भेरूघाटाच्या चढावर इंजिनाचे तापमान अचानक ११३ अंश; हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. माझ्याकडे आठ वर्षे जुनी, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक असून ती आजवर ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या पंधरा दिवसांत तिचे इंजिन दोनदा अचानक तापले आणि गॅरेजमधून हेड (सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मान्य करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रसंग ओंकारेश्वरहून परततानाचा आहे. जाताना पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचे असल्यामुळे इंजिनावर ताण नव्हता आणि काहीच जाणवले नाही. येताना बडवाह सोडल्यावर भेरूघाटाचा चढ लागला. पुढे भरलेल्या ट्रकांची रांग होती, मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो, एसी सुरू होता आणि मे महिन्यातली दुपार होती. मोबाइलला जोडलेल्या ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) एरवी ९० ते ९३ दिसणारे तापमान ९७ झाले, तोवर मला विशेष वाटले नाही. पण पुढच्या अर्ध्या मिनिटात ते ११३ वर गेले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर केला, कारण त्या वाटेने इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते हे मला ठाऊक होते. जाळीतून आलेली हवा मात्र बाहेरच्या हवेइतकीच होती, तिला इंजिनाची ऊब अजिबात नव्हती.

सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती, त्यामुळे धोका न पत्करता गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडले. रेडिएटरचा पंखा इंजिन थांबल्यावरही पूर्ण वेगाने फिरत होता. वरच्या पाइपाला हात लावणे अशक्य होते, खालच्या पाइपावर हात सहज ठेवता येत होता. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी वरच्या खुणेच्याही वर होती, म्हणून पाणी घालण्याचा प्रश्नच आला नाही. रेडिएटरचे झाकण मी उघडले नाही. चाळीस मिनिटांनी निघालो, तर घरापर्यंत तापमान ९४ च्या पुढे गेले नाही.

गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलला. त्यानंतर पाच दिवसांनी राऊहून येताना तसेच पुन्हा घडले. आता मिस्त्री म्हणतात की बाटलीतली पातळी वाढते आहे, याचा अर्थ हेड गास्केट (हेडखालची सील) फुटून सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. हेड उतरवून फेसिंग (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे लागेल. परंतु गास्केट फुटल्याच्या खुणा दिसत नाहीत: इंजिन ऑइल दुधाळ झालेले नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, आणि सकाळी इंजिन पहिल्याच प्रयत्नात आणि एकसारखे सुरू होते. महिन्याभरापूर्वी खालचा पाइप बदलला होता, त्याचा याच्याशी संबंध असल्यास कल्पना नाही. गास्केट खरोखर फुटले आहे की नाही, हे हेड न उतरवता कसे ठरवता येईल?

प्रतिसाद:
आपण सगळे नीट लिहिले आहे, फक्त एक निरीक्षण राहिले आहे: इंजिन पूर्ण थंड असताना खुद्द रेडिएटरमध्ये कूलंट किती आहे? बाटली भरलेली असली, म्हणजे रेडिएटर भरलेला आहेच असे नाही. हीटरची हवा गार येणे, खालचा पाइप थंड राहणे आणि तापमान अर्ध्या मिनिटात उसळणे, या तिन्हींवरून मला आत हवा अडकल्याचा संशय येतो. इंजिनाचे लोखंड-अॅल्युमिनियम अर्ध्या मिनिटात इतके तापत नाही. सेन्सरभोवती कूलंटऐवजी वाफ आली की आकडा असा उडी मारतो.

रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. कूलंट तापून फुगले की ठरावीक दाबाला मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की आत पोकळी तयार होते, मधली छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढले जाते. ही छोटी झडप चिकटली, तर गेलेले कूलंट बाटलीतच राहते आणि रेडिएटर मिळेल त्या फटीतून हवा ओढतो. नव्या पाइपाचा क्लॅम्प (पाइप आवळणारी पट्टी) थोडा सैल असेल, तर तो दाबाखाली गळणारही नाही, पण पोकळी झाली की हवा आत घेईल.

उद्या पहाटे वरचा पाइप पाहा. तो पिचकलेला दिसला, तर झाकण दोषी आहे. गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नका: निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट साधारण १ बार दाबाखाली १२९ अंशांच्या आसपास उकळते, पण दाब सुटताच तो बिंदू १०७ पर्यंत उतरतो आणि सगळे एकदम अंगावर येते.

दुसरा प्रतिसाद:
झाकणाबद्दल सहमत आहे, पण गास्केटची शंकाही ठेवू नये. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालवतात. सिलिंडरमधला वायू येत असेल तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा पडतो. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि हेड उतरवण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज पहाटे सहाला बॉनेट उघडले. वरचा पाइप मधोमध इतका चपटा झाला होता की त्याच्या दोन्ही भिंती जवळजवळ टेकल्या होत्या. झाकण फिरवताच सूं करून हवा आत गेली आणि पाइप माझ्या डोळ्यांदेखत फुगून गोल झाला. रेडिएटरमध्ये सव्वा लिटर कूलंट मावले, आणि बाटली मात्र काठोकाठ भरलेली होती. झाकणातली छोटी झडप रबराला अशी चिकटली होती की नखाने उचलली तरी हलेना. खालच्या पाइपाच्या क्लॅम्पपाशी वाळलेल्या कूलंटचा हिरवट थरही सापडला.

त्याच दाबाचे नवे झाकण आणि नवा क्लॅम्प बसवला. गाडीचे तोंड उतारावर वर करून, हीटर गरमवर ठेवून कूलंट हळूहळू भरले आणि पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवले. नळाला येणारे नर्मदेचे पाणी न वापरता डिस्टिल्ड पाणी घेतले, म्हणजे आत क्षार धरणार नाहीत. निळ्या द्रवाची चाचणी दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतली. द्रव निळाच राहिला. संध्याकाळी एसी लावून भेरूघाट चढलो, तेव्हा तापमान जास्तीत जास्त ९८ दिसले आणि हीटरची हवा गरम होती. तरीही, दोनदा ११३ पर्यंत गेल्यामुळे हेड वाकले असेल का, ही चिंता राहते.

प्रतिसाद:
दोन्ही वेळा तुम्ही इंजिन लगेच बंद केले, आणि द्रवही निळा राहिला, तेव्हा हेडला आत्ता हात लावू नये. महिनाभर रोज सकाळी थंड इंजिनावर बाटलीची पातळी पाहा, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे ना, तेही पाहा. पातळी तिथेच राहिली, तर हेड उतरवण्याचे कारण नाही.