पाणी संपत नाही, नुसतं फिरतं... मग टंचाई होतेच कशी?

शंकासुर:
मुलीच्या पुस्तकात जलचक्राचं ते नेहमीचं चित्र आहे, समुद्र, सूर्य, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, पाऊस आणि नदी परत समुद्रात. ती म्हणते बाबा, पाणी जर असं गोल फिरतच राहतं आणि एक थेंबही कमी होत नाही तर सगळे पाणी वाचवा पाणी वाचवा का करतात? मी म्हटलं गोडं पाणी कमी असतं म्हणून. तर म्हणे समुद्राचं पाणी वर जाताना मीठ खालीच राहतं ना, मग पाऊस गोडाच पडणार की. बोलती बंद. आणि माझी स्वतःची पण एक शंका आहेच, पाणी १०० डिग्रीला उकळतं, मग समुद्र न उकळता त्याची वाफ होते कशी? जमलं तर साध्या भाषेत सांगा, पुस्तकी व्याख्या मलाही पाठ आहेत.

टिपटिप:
आधी तुमची शंका घेतो. उकळणं वेगळं आणि बाष्पीभवन वेगळं. पाण्याचे सगळे रेणू एकाच वेगाने पळत नसतात, काही मंद काही सुसाट, आणि पृष्ठभागापाशी असलेला एखादा सुसाट रेणू बाकीच्यांची ओढ तोडून हवेत सटकतो. हे कुठल्याही तापमानाला चालू असतं, अगदी बर्फावरून सुद्धा, गरम असलं की जास्त होतं एवढंच. आता गंमत अशी की जाणारे रेणू जास्त ऊर्जावाले असतात त्यामुळे मागे राहिलेलं पाणी गार पडतं, घाम वाळताना गार वाटतं ते यामुळेच. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० डिग्रीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, पण २५-३० डिग्रीच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ५८०! ही सगळी उष्णता वाफेबरोबर वर जाते आणि ढग बनताना परत बाहेर पडते, चक्रीवादळाचं इंधन हेच. म्हणजे जलचक्र नुसतं पाणी वाहत नाही, ऊन पण वाहून नेतं, नाहीतर विषुववृत्ताजवळचा भाग आत्ता आहे त्यापेक्षा खूप तापला असता आणि ध्रुवांकडे आणखी गारठा असता.

मधेच_बोलतो:
ते ठीक आहे हो, पण एका ढगात शेकडो टन पाणी असतं म्हणतात, ते मग धाडकन खाली का येत नाही 😄

टिपटिप:
येतं की, पण इतकं हळू की कळत नाही. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, त्याचा पडायचा वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर, आणि खालून वर येणारी हवा त्याहून जोरात असते मग तो तरंगतोच. असे साधारण दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. आणि हो, नुसती वाफ गार होऊन सहजासहजी थेंब होत नाही, बसायला काहीतरी कण लागतो, धूळ, धूर, लाटांमधून उडालेलं मीठ वगैरे. समुद्राचं मीठ सगळंच्या सगळं खाली राहत नाही ते असं.

संथ_वाहते:
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. मुलीचा मुद्दा बरोबर आहे, पण चित्रात दोन गोष्टी दिसत नाहीत, बाणाला किती वेळ लागतो आणि किती पाणी जातं. एका वेळी हवेत जेवढी वाफ असते ती सगळी पडली तर पृथ्वीभर जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी साठेल. आणि वर्षाचा जगाचा सरासरी पाऊस आहे साधारण एक मीटर. म्हणजे हवेतला साठा वर्षातून चाळीसेक वेळा रिकामा होऊन भरतो, एक रेणू हवेत सरासरी ९ दिवस. समुद्रात गेलेला रेणू मात्र सरासरी ३००० वर्षं तिथेच, आणि खोल भूजल काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. तर ते उपसून टाकलं की फिरून येईल हे खरंच आहे, पण कधी आणि कुठे याची हमी नाही.

दुसरं म्हणजे समुद्रातून वर गेलेल्या पाण्यातलं दहातलं नऊ भाग परत समुद्रातच पडतं. जमिनीकडे येतं ते उरलेलं, वर्षाला साधारण ४०,००० घन किलोमीटर, आणि जवळपास तेवढंच नद्यांतून आणि जमिनीखालून परत जातं. पण जमिनीवर पाऊस पडतो याच्या अडीचपट! वरचं कुठून येतं? माती आणि झाडं. झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पानांतून हवेत सोडून देतं आणि ते वाऱ्याबरोबर पुढे जाऊन परत पडतं, त्यामुळे समुद्रापासून लांबच्या भागात पाऊस पोचतो तो बराचसा असा हातोहात. जंगल तोडलं की ही साखळी तुटते. चित्रात याला एक बारीक बाण देतात, मला ते कधीच पटलेलं नाही.

हिरवं_पान:
छोटीशी भर. "एक थेंबही कमी होत नाही" हे पण अगदी काटेकोर खरं नाही. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती पाण्याचा रेणू चक्क फोडतात, आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्या पाण्यातूनच सुटलेला असतो. आणि आपण अन्न जाळतो तेव्हा शरीरात परत नवीन पाणी तयार होतं. हिशोब जुळतो साधारण, पण मधे पाणी पाणी राहतच नाही.

शंकासुर:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. ऑक्सिजनचं मलाच माहीत नव्हतं. आता शेवटचं, हवा तापली की वाफ जास्त होणार, मग पाऊस पण जास्त, मग दुष्काळ का वाढतील म्हणतात?

संथ_वाहते:
एक डिग्री वाढली की हवेत साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. मावते म्हणजे तेवढी भरेपर्यंत ती जमिनीतून, तळ्यातून ओल ओढत राहते, त्यामुळे दोन पावसांमधला काळ जास्त कोरडा जातो, आणि एकदा पडायला लागलं की कमी वेळात जास्त पडतं. धो धो पडलेलं मुरत नाही, वाहून जातं. म्हणून एकाच ठिकाणी एकाच वर्षात पूर पण येऊ शकतो आणि विहिरी पण आटू शकतात.