'ऋण सोडणे' : प्रार्थनेतला एक अडलेला शब्द

पेठकर
मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या (चर्च) मिळून ही उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हापासून कागदोपत्री आम्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, उरलो नाही, पण घरातलं वळण अजून तेच आहे. सकाळी मराठी उपासना, संध्याकाळी जमलं तर इंग्रजी. गेल्या रविवारी दोन्हीकडे गेलो आणि प्रभूच्या प्रार्थनेत, येशूने शिकवलेल्या त्या प्रार्थनेत, अडखळलो. मराठीत म्हणतो, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' इंग्रजी प्रार्थनापुस्तकात त्याच जागी 'ट्रेस्पासेस' आहे, म्हणजे अतिक्रमण, आगळीक. सकाळी कर्जदार असलेला मी संध्याकाळी कुंपण ओलांडणारा होतो!

तरुण मंडळींचं म्हणणं, 'ऋण' काढून 'अपराध' घालावं, सोपं पडेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगता येईना. शिवाय 'ऋण सोडणे' हा प्रयोग मराठी आहे का? आपण ऋण फेडतो. सोडतो कुठे?

अक्षरवेल्हाळ
मराठीत या नामांची क्रियापदं ठरलेली आहेत. पाप धुतलं जातं किंवा फिटतं. अपराध पोटात घालतात. ऋण फेडतात. पहिल्या दोहोंत माफ करणाऱ्याच्या खिशाला चाट बसत नाही, मोठं मन पुरतं. ऋण सोडलं की वहीतली रक्कम बुडते. 'अपराध' घातलात तर ही तोशीस जाईल.

आणि 'सोडणे' अस्सल मराठी आहे. 'हक्कसोडपत्र' तलाठ्याकडे रोज बघायला मिळतं. 'त्या पैशावर पाणी सोडलं' म्हणतो. फेडणं ऋणकोच्या हातात, सोडणं धनकोच्या. प्रार्थनेत आपण आधी धनको म्हणून बोलतो, मग ऋणको म्हणून. म्हणून 'सोड' बरोबर.

वसईची माई
आम्ही कॅथलिक, लहानपणापासून 'अपराध'च म्हणत आलो, त्यामुळे तोच कानाला गोड लागतो. पण पेठकर भाऊ, ते 'आम्हांला परीक्षेत आणू नको' तुमच्याकडेही आहे ना? मी चौथीत असताना ते वाक्य फार मनापासून म्हणायचे. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी तर दोनदा.

पेठकर
माई, आमच्याकडेही सगळ्या पोरांची तीच लाडकी ओळ.

तिरकस
माझा साधा प्रश्न. मूळ ग्रीकमध्ये काय आहे? इंग्रजीशी ताडून मराठी तपासण्यात काय हशील?

अक्षरवेल्हाळ
रास्त. ही प्रार्थना बायबलात मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आहे. मत्तय ६:१२ मध्ये ग्रीक शब्द सरळ 'देणं' या अर्थाचा आहे. लूक ११:४ मध्ये पहिल्या जागी 'पापं', दुसऱ्या जागी मात्र पुन्हा 'ऋणी'. येशूच्या अरामी बोलीत तर कर्ज आणि पाप दोहोंना एकच शब्द चालतो. इंग्रजीतही १६११ च्या बायबलात मत्तयाला 'डेट्स'च आहे, 'ट्रेस्पासेस' प्रार्थनापुस्तकामुळे अँग्लिकनांच्या तोंडी बसलं. स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ) आजही 'डेट्स' म्हणतात. १९७० नंतर हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच बाकावर आले असतील, इंग्रजी उपासनेत त्या ओळीला काय गोंधळ होत असेल कोण जाणे.

तिरकस
मग मराठी मंडळींनी मत्तयाचं ऐकलं, इंग्रजी अँग्लिकनांनी सवयीचं. ठीक. पण आजच्या माणसाला 'ऋण' म्हणजे 'आपल्या ऋणात राहायला आवडेल' हे आभारप्रदर्शनातलं गुळमुळीत वाक्य आठवतं, नाहीतर शाळेतलं ऋण चिन्ह. त्यापेक्षा 'कर्ज' का नको?

पेठकर
'कर्ज' अरबीतून फारसीमार्गे आलं, रोखठोक आहे, मलाही आवडतं. पण 'कर्ज' म्हटलं की बँक आली. 'ऋणा'त देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे जुनं ओझंही आहे, आणि ते फेडायचं असतं, माफ होत नाही. त्याच शब्दाला 'सोड' जोडणं हे मराठी कानाला जरा धक्का देणारं आहे. तो धक्का राहू द्यावा असं माझं मत झालंय.

राजकारणातही बघा. 'कर्जमाफी' म्हटलं की शेतकऱ्याने काही गुन्हा केला आणि सरकारने माफ केला असा वास येतो. २०१९ च्या राज्य योजनेच्या नावात म्हणूनच की काय, 'कर्जमुक्ती' आलं. पैसा तोच, पण माफीत मान खाली आणि मुक्तीत वर. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले, ते माफी मागायला गेले नव्हते. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या चर्चमध्ये 'ऋण सोड' म्हणताना ते निव्वळ आध्यात्मिक कसं राहील?

मुलुंडकर
इंग्लंडात वीस वर्षं काढली म्हणून भर घालतो. १६ मे १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये जी-८ या बड्या देशांच्या गटाची बैठक चालू असताना गरीब देशांची कर्जं रद्द करा म्हणून सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. त्यात चर्चची माणसं भरपूर होती. त्याच उन्हाळ्यात लॅम्बेथ परिषदेसाठी कँटरबरीला जगभरचे अँग्लिकन बिशप जमले, त्यांनीही या कर्जांवर ठराव केला. मोहिमेचं नाव 'ज्युबिली २०००'. रविवारी 'ट्रेस्पासेस' म्हणणाऱ्यांना कर्जाचा धर्म शोधायला थेट बायबलातल्या लेवीय २५ मधल्या योबेल वर्षापर्यंत (ज्युबिली हा शब्द त्यावरूनच) मागे जावं लागलं. आपल्याकडे ज्युबिली म्हणजे सिनेमाचे पंचवीस आठवडे!

अक्षरवेल्हाळ
एक दुरुस्ती. योबेलात जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि बांधील माणूस सुटतो. कर्ज सोडायचं ते दर सातव्या वर्षी, अनुवाद १५ मध्ये. (बायबलातल्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद' आहे, शब्दचर्चेत त्याचा दाखला द्यायला मिळाला म्हणून मी आज खूश.)

आणखी एक गंमत. प्रार्थनेत आधी 'ऋणे सोड', लगेच पुढे 'वाईटापासून सोडव'. एकाच धातूची दोन रूपं. गहाण दागिने आपण 'सोडवून' आणतो. 'अपराधांची क्षमा कर' घातलं की हा दुवा तुटतो.

वसईची माई
हे 'सोड-सोडव' आमच्यात नाही हो. हेवा वाटला.

पेठकर
कळलं आता, का पटत नव्हतं. आजीच्या हिशेबाच्या वहीत शेजारणींना दिलेल्या उसन्या पैशांचं पान आहे. दोनतीन नावांपुढे रक्कम खोडलेली नाही, फक्त बाजूला 'सोडले' एवढंच लिहिलंय. मी ते आजवर 'देऊन टाकले' असं वाचत होतो.

तिरकस
लेखी पुरावा! वर्ष काय? फोटो टाका, नावं झाकून.

पेठकर
वही काकांकडे आहे. रविवारी बघून सांगतो.