‘सामाजिक करार’: करार नेमका कोणाकोणात?

प्रश्न: जॉन लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्लिश तत्त्वज्ञावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. एक वाक्य असं उतरलं: ‘सरकारने करार मोडला, तर ते बदलण्याचा अधिकार जनतेला मिळतो.’ इथला करार म्हणजे ‘सामाजिक करार’: समाज आणि राज्य माणसांच्या संमतीने उभं राहिलं, ही कल्पना. ‘करार’ इथे बसतो का?

उत्तर: ‘करार’ चालेल, ‘सरकारने मोडला’ चालणार नाही. करार म्हटला की आपल्याला घरमालक आणि भाडेकरू असे दोन पक्ष दिसतात, आणि त्याच धर्तीवर इकडे जनता, तिकडे सरकार असं आपण धरून चालतो. पण इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात (१६५१) करार माणसामाणसांत होतो. सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्ताधारी, त्यात पक्षकारच नाही, म्हणून त्याच्या हातून करारभंग होऊच शकत नाही. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ या ग्रंथात याच जागेवरून उलट टोक गाठलं. सरकारची स्थापना हा करारच नव्हे, सरकार म्हणजे लोकांनी नेमलेले कारभारी. लोकांना वाटेल तेव्हा नेमावेत, वाटेल तेव्हा काढावेत.

लॉक सरकारबद्दल बोलताना ‘ट्रस्ट’ म्हणतो, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘विश्वस्त’ हा चोख शब्द आहे. विश्वस्ताकडे सत्ता सोपवलेली असते, त्याच्या मालकीची नसते. त्याने ती सोपवण्याच्या हेतूविरुद्ध वापरली, की ती मूळ धन्याकडे परत जाते. सरकार विसर्जित होणं वेगळं आणि समाज विसर्जित होणं वेगळं, हे लॉक बजावून सांगतो. सरकार गेलं तरी माणसांनी आपसांत केलेला करार शाबूत राहू शकतो. ‘करार मोडला’ लिहिलंत की हा भेद पुसला जातो, आणि माझ्या मते सगळ्या मांडणीचा जीव त्यातच आहे.

प्रश्न: आणि ‘अधिकार’ की ‘हक्क’?

उत्तर: दोन्ही रूढ आहेत, पण इथे ‘हक्क’च घ्या. अधिकार पदाला चिकटून येतो. ‘अधिकारी’ त्यातूनच झाला. ‘मिळतो’ही काढा. लोकांचा हक्क लोकांना देणार कोण?

आणखी एक भर: पुढे ‘बंड’ येईल तिथे जपून. इंग्रजी ‘रेबेल’ (बंड करणारा) ज्यातून आला त्या लॅटिन ‘रेबेलारे’ची लॉक फोड करतो: पुन्हा युद्ध करणे. समाज करून माणसांनी बळजबरी मागे टाकली. जो सत्ताधारी कायदा झुगारून ती परत आणतो, तोच खरा बंडखोर. आपल्या ‘बंड’मध्ये ‘पुन्हा’ नाही. शिवाय ‘खोर’ लागला की भांडखोर, चुगलखोर यांच्यासारखा दोष आधीच चिकटतो, आणि तो नेमका लोकांच्या माथी जातो. त्या परिच्छेदात ‘युद्ध परत आणणारे’ असं सरळ उलगडून लिहा.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असं करते: ‘सरकारने विश्वस्तपण सोडलं, की सोपवलेली सत्ता लोकांकडे परत येते, आणि नवं सरकार नेमण्याचा हक्क त्यांचाच असतो.’

उत्तर: ‘विश्वस्तपण सोडलं’ऐवजी ‘विश्वासघात केला’ म्हणा. सोडणं राजीखुशीनेही होतं.